अकरावीचं तर्कशास्त्र

सर,

सोमवारी प्राचार्यांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. शनिवारपर्यंत अकरावीला तर्कशास्त्र घेणारी वीस मुलं मिळाली नाहीत तर विषय बंद, आणि त्याला माझी हरकत नाही, असं त्यात होतं. "मॅडम, हे शिकून पोरं करतात काय?" त्यांनी विचारलं. "प्रश्न विचारतात," मी म्हटलं. "तेच तर!" ते हसले. मी सही केली नाही.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. गोंदियाच्या त्या वर्गात मी पहिल्या बाकावर बसायची. पुस्तक सगळं तोंडपाठ. एक दिवस तुम्ही फळ्यावर लिहिता: पाऊस पडला तर धानाची बांधी पाण्याने भरते. बांधी भरली आहे. मग? मी ताडकन उठते, "पाऊस पडला, सर." मागून एका शेतकऱ्याची मुलगी म्हणते, "काऊन? नहराचं पाणी सोडलं असंल तं?" वर्ग हसतो. तुम्ही हसत नाही. "पाठ करणं सोडा आणि तिच्याशेजारी जाऊन बसा," एवढंच म्हणता. मी वर्षभर तिच्याशेजारी बसले. विचार करायला तिथे शिकले.

जूनमध्ये मुलं गोळा करत शिक्षकांनी दारोदार फिरायचं, ही आता आमच्याकडची रीतच झाली आहे. या आठवड्यात मी आमगावची आणि आसपासच्या गावांतली घरं पालथी घातली. एका अंगणात शेतावर निघालेली आई थांबली.

"बाई, हे शिकून नोकरी लागते काय?"

"नाही."

"मंग कायले शिकायचं?"

"आत्ता विचारलंत तसं विचारायला. डॉक्टरला, पुढाऱ्याला, बुवाला. मलासुद्धा."

ती दोन पावलं जवळ आली. "नवऱ्याले विचारता येते काय?"

"येतं."

"मंग लिहा पोरीचं नाव."

काल वीस मुलं झाली. पण त्यातल्या दोघींना मी सांगितलं होतं, "घ्या, यात पैकीच्या पैकी गुण पडतात." कारण द्यायच्या जागी आमिष दाखवलं होतं. आज शनिवार; सकाळी गाडी काढून दोघींच्या घरी गेले. म्हटलं, गुणांची खात्री नाही, डोकं मात्र चालवावं लागेल. एक म्हणाली, "घेतो मॅडम." दुसरी म्हणाली, "मंग राहू द्या, मी भूगोल घेतो." तिचा अर्ज परत दिला, सर. गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं, हे मनात येऊन गेलं. तुम्ही असता तर हे तुमच्यासमोर बोलले नसते. पत्र पाठवायचं नाही म्हणूनच लिहिते आहे.

दुपारी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलं ते असं: त्यांचा संमतीचा कागद, सही न केलेला, विषय चालू ठेवण्याची माझी लेखी मागणी, कारणांसह, आणि पालकांच्या सह्यांचे एकोणीस अर्ज.