जखमेहून मोठी कळ

सांगली, १२ फेब्रुवारी २०२५

॥ जय जिनेंद्र ॥

तीर्थरूप जिनपालदादांना धाकट्या चंदनबालाचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुमच्या कानांनी फोनशी काडीमोड घेतल्यापासून पोस्टमन मला नावानं ओळखू लागलाय. नवी हळद बाजारात आलीय. लेक अतिशयला सौद्यांतून जेवायला सवड न्हाई. सूनबाई प्रियदर्शनी त्याचा डबा रोज परत आलेला बघते आणि माझ्यापाशी कुरकुरते.

परवा वखारीत बायकांबरोबर माल निवडताना हळकुंडाचं टोक डाव्या करंगळीत घुसलं. थेंबभर रक्त आलं असेल. कालपासून मात्र ताप आहे. औषधाचा दुकानदार म्हणाला, सध्या व्हायरल चाललंय. मागच्या खोकल्याच्या दोन अँटिबायोटिक गोळ्या शिल्लक होत्या, त्या घेतल्या. नवल एवढंच, जखम शोधावी लागते आणि कळ मात्र कोपरापर्यंत जाते. पदर घासला तरी लय दुखतंय. उद्या उतरेल.

तुमच्या गुडघ्यांना जपा. बहिणीची आठवण ठेवा.

तुमची,
चंदन

---

सातारा, १७ फेब्रुवारी

चि. चंदनबाला हिला जिनपालचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारी दुपारी हाती पडलं. वाचून मी चप्पल न घालताच फोनपाशी गेलो. अतिशय काय उत्तर देत होता ते मला ऐकू येत नव्हतं, म्हणून तीनदा फोन लावून एकच सांगितलं. आईला आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात ने, आणि सर्जनला सांग की जखमेहून कळ मोठी आहे.

पुढचं प्रियदर्शनीच्या पत्रातून कळलं. तुम्ही पोचेपर्यंत हात मनगटापर्यंत जांभळा पडला होता. दोन तासांत ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून आणखी मेलेलं मांस काढलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर हात गेला असता, कदाचित तूही.

रविवारी मी एसटीनं आलो होतो. अतिदक्षता विभागाच्या काचेतून तुला पाहिलं. तू झोपली होतीस. तुझ्या सुनेनं मला बळेच चहा पाजला. चांगली मुलगी आहे, तिच्यावर रागावत जाऊ नकोस.

बरी हो. एवढंच मागतो.

तुझा,
दादा

---

सांगली, २६ फेब्रुवारी

॥ जय जिनेंद्र ॥

तीर्थरूप दादांना नमस्कार.

उजवा हात शाबूत आहे म्हणून स्वतः लिहितेय. ड्रेसिंग सोडलं की मी छताकडं बघते. परवा चुकून खाली बघितलं. तो हात माझा वाटला न्हाई.

आता डॉक्टर म्हणतात, मांडीची कातडी काढून हातावर लावायची. मी नको म्हणाले. दोनदा चिरलं, पुरे झालं. अतिशय रडला, तरी मी हलले न्हाई.

आणि एक मनात टोचतंय, ते तुमच्याशिवाय कुणाला विचारू? आपण जन्मभर पाणी गाळून प्यालो, दिवस मावळायच्या आत जेवलो. इथं नळीतून रोज औषध जातंय आणि नर्स म्हणते, त्यानं लाखो जंतू मरतात. ते जीवच ना? पलीकडच्या खाटेवरची बाई म्हणते, मांस खाणारा व्हायरस आहे. खरं काय ते तुम्हीच सांगा. चाळीस वर्षं शाळेत हेच शिकवलंत.

चंदन

---

सातारा, १ मार्च

चि. चंदनबाला हिला आशीर्वाद.

आधी शिकवतो, मग रागावतो.

तुझ्या हातात व्हायरस नव्हता. तो एवढा अपुरा की त्याला स्वतःचं पोट नाही, स्वतः वाढता येत नाही. दुसऱ्याच्या पेशीत शिरून तिच्याकडून आपल्या नकला काढून घेतो. अँटिबायोटिक त्याचं काही बिघडवत नाही. तुझे होते बॅक्टेरिया. एकाच पेशीचा, पण पुरा जीव. खातो, वाढतो, एकाचे दोन होतो, कधीकधी अर्ध्या तासातच. तो मांस चावून खात नाही. विषं सोडतो, त्यानं कातडीखालचे थर मरतात. मेलेल्या भागात रक्त जात नाही, म्हणजे औषधही पोचत नाही. म्हणून चिरावं लागलं. आणि उरलेल्या दोन गोळ्या हा त्यावरचा इलाज नव्हे. पुन्हा असं केलंस तर मी येऊन डबीच फेकून देईन.

होय, ते जीव आहेत. तुझ्या आतड्यात याक्षणी अब्जावधी आहेत आणि त्यांच्याशी आपलं भांडण नाही. पण गृहस्थानं अंगावर आलेल्याला अडवू नये असं आपल्याला कुणी शिकवलं नाही. मुद्दाम मारणं वेगळं, जीव वाचवणं वेगळं. मनात खंत राहिली तर राहू दे. ती तुझ्या चांगुलपणाची आहे. उपचार मात्र थांबणार नाहीत.

आता राग. उघडी जखम म्हणजे दार सताड उघडं. पुन्हा काही शिरलं तर कोपरापासून हात द्यावा लागेल. हात तुझा आहे, निर्णय तुझाच. पण नको म्हणायचं तर आधी त्याच्याकडे नीट बघून म्हण. छताकडे बघून नाही.

सोमवारी येतो. काय ते तोंडावर सांग.

दादा

---

सांगली, २० एप्रिल

॥ जय जिनेंद्र ॥

तीर्थरूप दादांना नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र वाचल्यावर नर्सला थांबायला सांगितलं आणि ड्रेसिंग सुटताना हाताकडं बघत बसले. लय वेळ बघितलं. मग सही केली. तुम्ही सोमवारी आलात तेव्हा बोलून दाखवलं न्हाई, कारण तुमचा डोळा भरला असता आणि मग माझा. कातडी धरलीय. तीन बोटांनी कणीक मळता येते. पोळी वाकडी होते, पण अतिशय खातो.

गेल्या आठवड्यापासून वखारीत जाऊ लागले. निवडणाऱ्या बायकांना जाड हातमोजे आणले. दाराशी नळ आणि साबण ठेवला. टोचलं की लगेच धुवायचं आणि मला दाखवायचं, असं सांगून ठेवलंय. अतिशय म्हणाला, हातमोज्यांनी काम मंदावतं. मी त्याच्यापुढं डावा हात धरला.

काल निवडणाऱ्यांतल्या आमच्या शालूबाई लंगडत आल्या. पाय दाखवायला लाजत होत्या. शेतात काटा रुतला होता, जखम एवढीशी, पण पिंढरी दगडासारखी आणि पाय टेकवत न्हाई. त्या म्हणत होत्या, घरी जाऊन हळद लावते. मी हळदीची व्यापारीण, पण त्यांचं काही ऐकलं न्हाई. रिक्षा बोलावली, दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांपुढं तुमचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. तासाभरात आत घेतलं. पाय वाचलाय. बोटंसुद्धा पाचीच्या पाची.

उद्या पुन्हा डबा घेऊन जायचंय त्यांच्यासाठी, म्हणून इथंच थांबते. तब्येत सांभाळा आणि आहे ती माया अशीच राहू द्या.

तुमची,
चंदन