बिंदू चौकाच्या पुढे

कोल्हापूर,
२३ फेब्रुवारी २००४

प्रिय नागसेन,

जय भीम. तिकडे गुडघाभर बर्फ पडलाय म्हणालास, तेव्हा स्वेटर घाल, खुर्चीत नीट बस आणि मग हे वाच. फोनवर हे सांगता आलं नसतं. फोनवर तू मला दोन वाक्यं बोलू देतोस आणि तिसऱ्याला 'आक्का, कार्ड संपत आलंय' म्हणतोस. श्रुती आणि तिचे वडील लग्न ठरवण्याआधी आपलं गाव बघायला शनिवारी येऊन गेले. तू आखून दिलेली यादी मी दुपारपर्यंत पाळली, पुढे पाळली नाही. का पाळली नाही ते सगळं लिहिते. पण माफी मागायला लिहीत नाहीये, हे आधीच समजून घे.

यादी तू झकास केली होतीस. अमेरिकेला निघण्याआधी एवढ्या धावपळीतही दोन पानं लिहून कुरियरनं पाठवलीस. सकाळी अंबाबाईचं देऊळ, भवानी मंडप, मग महाद्वार रोडवर चपला आणि साडीची खरेदी, नवा राजवाडा, संध्याकाळी रंकाळा, जेवण ते उतरतील त्या शाहूपुरीतल्या हॉटेलात. रिक्षानेच फिरव. नाट्यगृह बाहेरूनच दाखव. बिंदू चौकाच्या पुढे नेऊ नकोस. ज्या गावात मी छत्तीस वर्षं काढली, त्याचा नकाशा धाकट्या भावानं मला काढून दिला आणि त्यात आपलं घरच नव्हतं! तरी मी गिळलं. आपण बौद्ध आहोत हे तू त्यांना पहिल्या भेटीतच सांगितलंस, ती हिंमत केलीस, म्हणून गिळलं. पण आबा 'आर्टिस्ट' आणि आई 'थिएटर मॅनेजमेंट'मध्ये? ते वाचून मी स्टाफरूममध्ये एकटीच हसले. चित्रकलेच्या वह्या तपासायच्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

श्रुती मला पाहताक्षणी आवडली. सुती ड्रेस, पायात साध्या चपला, आणि प्रत्येक दुकानाशी थांबायची सवय. तिच्या वडिलांचं तसं नाही. अमरसिंहराव म्हणजे सरळ ताठ माणूस, कमी बोलणारा, पण डोळ्यांनी सगळं मोजणारा. देऊळ झालं, मंडप झाला, चपलांच्या ओळीत श्रुतीनं एका कारागिराजवळ बसून वेणी कशी घालतात ते अर्धा तास बघितलं. मग म्हणाली, "ताई, इथली माणसं जिथं खातात तिथं ने मला." यादीत मिसळ नव्हती. मी त्यांना बाळासोंकडे नेलं. तेच ते, दोन बाकड्यांचं, भिंती धुरानं काळ्या झालेलं. बाळासो अमरसिंहरावांना म्हणाले, "पावणं, कट जरा दमानं घ्या, न्हायतर पुण्यापतूर पाणी पीत जावं लागंल." अमरसिंहराव त्या दिवशी पहिल्यांदा हसले. मग बाळासोंनी वर बोट दाखवलं. "ह्यो बोर्ड बघा. हिच्या बाचा हात. कृष्णात पेंटर. पंचवीस वर्सं झाली, अक्षर हाललंय का बघा."

नागसेन, ती पाटी तू शेवटची कधी पाहिलीस? पिवळ्यावर लाल अक्षरं, त्याला काळी सावली, आणि 'मिसळ'च्या 'ळ'ला आबांनी दिलेला तो डौलदार वेढा. आता महाद्वार रोडवर जिकडेतिकडे फ्लेक्स लागलेत. आबांच्या मागे राहिलेल्या पाट्या मी गेल्या दिवाळीत मोजल्या, अकरा उरल्यात. एक घड्याळवाल्याची, एक औषधाच्या दुकानाची, दोन सोनारांच्या. गुजरीतल्या त्या एका सोनारानं आबांना पाटी रंगवायला शिडीवर चढू दिलं, पण पाणी मागितल्यावर ओंजळ करायला लावली. आबांनी घरी येऊन एवढंच सांगितलं आणि ब्रश धुवायला बसले. पण त्या पाटीच्या कोपऱ्यात सहीचं अक्षर नेहमीपेक्षा दुप्पट मोठं होतं, ते मला दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना दिसलं. दहावीत होते मी. त्या दिवशी ठरवलं की मी पण रंगच हातात धरणार. गुजरीत नेऊन श्रुतीला ती पाटी दाखवली. तिला पाण्याची गोष्टही सांगितली. अमरसिंहराव ऐकत होते. त्या सोनाराच्या दुकानात शिरायचं त्यांनी टाळलं.

मग नाट्यगृह आलं. मी रिक्षातूनच म्हणाले, हे आमचं जुनं नाट्यगृह, शाहू महाराजांनी बांधलेलं, शेजारी हे खासबागचं कुस्तीचं मैदान. पण श्रुती पुण्यात नाटकं करते हे तू मला सांगितलं नव्हतंस. ती रिक्षातून उतरलीसुद्धा. "आत जाता येईल ना?" मी काय म्हणणार? दारात ज्ञानूकाका होते, पडदा ओढणारे. आता डोळ्यांना कमी दिसतं, पण आवाजावरून ओळखतात. मी "काका, जरा आत बघू का?" म्हटलं मात्र, ते उठून उभेच राहिले. "यल्लव्वाची पोरगी न्हवं तू? निशा? आनि धाकटा कुटं हाय?"

श्रुती आनंदली. आपल्या आईला ओळखणारं कुणी भेटलं म्हणून. अमरसिंहरावांनी विचारलं, "म्हणजे या ऑफिसात होत्या का?" आणि ज्ञानूकाका हसले रे. वाईट हसले नाहीत, त्यांना खरंच गंमत वाटली. "हापिसात? न्हाय वो पावणं. बावीस वर्सं झाडलोट केली तिनं हितं. ह्या खुर्च्या, ते विंगा, मागची मोरी, समदं. एवढी नाटकं झाली, पन तिच्यावानी स्वच्छ रंगमंच पुन्ना झाला न्हाय."

अमरसिंहराव माझ्याकडे वळले. मला अजून वाट होती. काका म्हातारे झालेत, कुणाला कुणी समजतात, असं म्हणून मी बाहेर पडू शकले असते. तुला खरं सांगते, ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. आणि मला त्या रिकाम्या खुर्च्या दिसल्या. आई सकाळी खुर्च्यांच्या रांगांमधून वाकून झाडत जायची आणि तू रंगमंचावर उभं राहून आदल्या रात्रीच्या नाटकातले संवाद म्हणायचास. आठ वर्षांचा होतास. आई झाडू काखेत धरून टाळ्या वाजवायची. एवढ्या मोठ्या नाट्यगृहात एकटीच्या टाळ्या. तू वाकून नमस्कार करायचास. तुझा आवाज, चार माणसांसमोर न घाबरता बोलणं, ज्याच्यावर तुझी कंपनी खूश आहे, ते सगळं तिथंच तयार झालं. आणि ते मी म्हाताऱ्या माणसाची चूक म्हणून सांगणार होते.

मी म्हणाले, "बरोबर आहे. माझी आई इथं झाडूवाली होती. ऑफिसात कधीच नव्हती. नागसेननं तुम्हाला सांगितलं ते खोटं आहे." आणि एकदा बोलल्यावर मला थांबता येईना. म्हणाले, "तुम्हाला मी सकाळपासून दुसऱ्यांचं कोल्हापूर दाखवतेय. आता आमचं दाखवते. यायचं असेल तर या. चालत जायचंय."

श्रुतीचा चेहरा उतरला होता. आईच्या कामामुळे नाही, ते तिनं मला पुढं वाटेत सांगितलं. "त्यानं मला का नाही सांगितलं?" एवढंच ती दोनदा म्हणाली. अमरसिंहराव मागून चालत होते, हात पाठीशी बांधून. बिंदू चौकात मी मुद्दाम थांबले. बाबासाहेब हयात असताना बसवलेला हा त्यांचा पुतळा, शेजारी जोतिबा फुल्यांचा, आणि आपले आजोबा त्या दिवशी अकरा मैल चालत आले होते, हे सांगितलं. तिथून खाली उतरले. तू जिथं न्यायचं नाही म्हणालास तिथं. रॉकेलच्या दुकानावरची आबांची पाटी दाखवली, ब्रास बँडवाल्यांची खोली दाखवली, भिंतीवर उलट्या टांगलेल्या त्यांच्या तुताऱ्या. विहारातलं वाचनालय दाखवलं, तुझं बाकही. इंजिनिअरिंगला निवड झाली तेव्हा तुझं नाव आबांनी ज्या फळ्यावर रंगवलं, तो फळा अजून आहे. श्रुतीनं त्याच्यावरून हात फिरवला. माझी मान त्या गल्लीत कधी एवढी ताठ नव्हती.

घराला कुलूप होतं.

शेजारच्या अंबूबाई बाहेर आल्या. पाहुणे बघून गडबडल्या, मला बाजूला घेऊ लागल्या. मी म्हटलं, काय असेल ते इथंच सांगा. "आगं, यल्लव्वा निपानीला निघाली की. बहिणीकडं. साडेतीनची गाडी हाय म्हनली. तू हाटेलातच जेवनार हाईस, घरला कोन न्हाय येनार, असं म्हनत हुती." मला काही कळेना. आई मला न सांगता उंबरा ओलांडत नाही. तेव्हा अंबूबाईंची सून मोना खाली मान घालून म्हणाली, "आक्का, परवा त्यांनी माझ्याकडनं ते कागद वाचून घेतलं. नागसेनदादांनी पाठवलेलं."

दुसऱ्या पानावरची शेवटची ओळ तुझ्या लक्षात आहे का? 'आईला आणू नकोस, बरं नाही म्हणून सांग.' मी ती वाचली होती. ती पानं मी लोखंडी कपाटात, साड्यांखाली ठेवली होती. आईला वाचता येत नाही म्हणून मी निर्धास्त होते. पण तुझं अक्षर ती ओळखते, नागसेन. तुझं पत्र आलं आणि मी तिला वाचून दाखवलं नाही, एवढ्यावरून तिनं सगळं ओळखलं.

श्रुतीच म्हणाली, "स्टँडवर जाऊ या." आम्ही रिक्षा केली. निपाणीच्या फलाटावर आई बसली होती. तुझ्या पहिल्या पगाराची ती जांभळी साडी, मांडीवर पिशवी. मला बघून घाबरून उठली आणि मागे श्रुतीला बघून परत बसली. "आगं बया, हिकडं कशाला आनलीस ह्यास्नी? मी चाललीय की." मी विचारलं, का चाललीस? म्हणाली, "मी बरी हाय ना, मग आजारी कशी सांगशील? तुला खोटं बोलाय लागू नये म्हनून चाललीय. मी हितं न्हायच म्हटल्यावर कुनाला काय इचारायचंच न्हाय." हे ती अगदी समजूतदारपणे बोलली, जसं दुकान बंद असेल तर उद्या जाऊ म्हणावं तसं. डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. मला तेच सहन झालं नाही.

श्रुती तिच्या शेजारी बाकावर बसली आणि तिनं पिशवी आपल्या मांडीवर घेतली. बाकी काही नाही. निपाणीची गाडी लागली, भरली, गेली. अमरसिंहराव कँटीनमधून चहा घेऊन आले, आईला दोन्ही हातांनी कप दिला. मग माझ्याशी बोलले. "ताई, तुमची गल्ली, तुमच्या आईचं काम, याचा मला विचार करावा लागला असता. खोटं कशाला बोलू? माझ्या घरातले चार लोक बोलतील, त्यांना मला तोंड द्यावं लागेल. पण ते मी देईन. ज्याचा विचार आता करावा लागणार आहे तो तुमचा भाऊ आहे." हे तुला त्यांच्याच शब्दांत कळवते, माझ्या पदरची भर नाही. लग्न ठरलं नाही, मोडलंही नाही.

तू म्हणशील, आक्कानं माझं वाटोळं केलं. म्हण. मला पुन्हा शनिवार मिळाला तर मी सकाळी आठलाच गल्लीतून सुरुवात करीन. आईनं मात्र मला शपथ घातली आहे. स्टँडवरचं तुला कळू द्यायचं नाही, पोराला परदेशात जेवण जाणार नाही. ती शपथ मी मोडली, कारण हे तुला कुणीच सांगितलं नाही तर तू आयुष्यभर चांगला माणूस म्हणून वावरशील आणि ती प्रत्येक समारंभाला निपाणीला जाईल. आता पत्र का लिहिलं ते ऐक. श्रुती मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस आपल्या घरी राहायला येते आहे, आईनं तिला बोलावलंय. तोवर आईच्या नावानं तुझं पत्र इथं यायला हवं, तुझ्या हातचं. मी ते वाचून दाखवणार नाही, मोनालाही वाचू देणार नाही. ते श्रुती वाचून दाखवेल, आईसमोर, मोठ्यानं. तेव्हा काय लिहायचं ते नीट विचार करून लिही.

तुझीच,
आक्का