चपात्या लाटायला पोलीस चौकशी

२ जून, सोम.
परत आला पासाचा कागद. तिसऱ्यांदा. यावेळी म्हणे फोटोत कान दिसत नाहीत. कान बघून काय ठरवणार आहेत? मला चपात्या लाटायच्यात, त्याही अणुकेंद्राच्या कॅन्टीनमध्ये. अणूच्या भट्टीजवळ कुणी मला बोलावलेलं नाही आणि मीही जाणार नाही, मला माझ्या शेगडीचीच धग पुरते. पण नियम म्हणे सगळ्यांना एकच. झाडूवालीपासून मोठ्या साहेबापर्यंत, जो गेटाच्या आत पाय टाकेल त्याची पोलीस चौकशी. बरं, करा. पण लवकर करा की!

सेल्वम सर (कॅन्टीनचा ठेका यांचाच) म्हणाले, "अक्का, इरुंगा, इरुंगा." थांबा, थांबा. एप्रिलपासून थांबलेच आहे. नवीन कॅन्टीन सुरू होतंय, उत्तरेकडचे नि आपल्याकडचे लोक भात खाऊन कंटाळलेत, चपातीचा वेगळा विभाग, आठ बाया माझ्या हाताखाली. आडी महिना लागायच्या आत कामावर यायला पाहिजे. आडीत इथले तमिळ लोक नवीन काही सुरू करत नाहीत. आडी लागली की हे काम गेलं. गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यातली बाई तयार आहे, तिच्याकडे पास पण आहे. चपात्या कशा करते देव जाणे.

नवीन फोटो काढला. केस मागे ओढून. कान आले, डोळे मिटले. परत काढला.

३ जून, मंगळ.
दीपानं फॉर्म परत भरला. पोरगी बँकेत आहे, इंग्रजी फाडफाड, मराठी मात्र तमिळमध्ये बुडवून काढलेली. ती विचारते, मी सांगते.
"परदेशात कुणी नातेवाईक?"
"तुझी आज्जी म्हणायची मद्रास हाच परदेश."
"आई, ऑफिशियल आहे हे!"
पुढचा प्रश्न, "कुठल्या संघटनेत आहात?"
मांबलमच्या हळदीकुंकवाच्या मंडळात आहे. ती संघटना धरायची का? दीपा म्हणाली नको. मी म्हटलं लिही, खरं ते सगळं लिही, मागून भानगड नको. लिहिलं.
जन्माचं गाव: बोरजाईवाडी. शाळा: तिथलीच, चौथी.
धंदा: दीपाचं बोट "गृहिणी"वर गेलं. मी तिचं बोट धरलं. जनगणनेवाला आला तेव्हा गृहिणी. रेशनकार्डात गृहिणी. ह्यांच्या गलाईच्या दुकानात सोनं वितळतं तो धंदा, आणि मी पहाटेपासून कंपनीतल्या पोरांना डबे देते ते काय हौसेखातर? "स्वयंपाकाचं काम" लिहायला लावलं.

५ जून, गुरु.
इथल्या चौकीची पोलीसबाई घरी आली. पोरसवदाच आहे, दारात बूट काढून आत. मला वाटलं घर उचकटणार. तिनं खालच्या दुकानवाल्याला विचारलं, वरच्या पार्वती मामींना विचारलं, ही बाई कशी आहे.
मामी म्हणाल्या, "कशी म्हणजे? जिन्यात चप्पल ठेवली तरी आरडाओरडा करते. पण चोरी वगैरे नाही."
वा मामी.
पोलीसबाईनं दोन चपात्या नि वांग्याची भाजी खाल्ली, भाजी तिखट लागली, डोळ्यांत पाणी, तरी तिसरी मागितली. जाताना म्हणाली तिच्याकडून चांगलाच रिपोर्ट जाईल. आता फक्त गावचा रिपोर्ट आला की झालं. गावाकडची काळजी कुणाला! तिथं तर बाळूच पोलीस पाटील. माझा सख्खा भाऊ. निवांत झोपले.

१० जून, मंगळ.
वटपौर्णिमा. मंडळातल्या बायका वड शोधत हिंडलो, शेवटी देवळामागं सापडला. दोरा गुंडाळताना मालती वहिनी म्हणाल्या, तुमचं काम झालं की आम्हालाही आत लावा. मी म्हटलं, आधी कान दिसतील असा फोटो काढून ठेवा.
मालक म्हणाले, "सात जन्म मागितलेस का?"
"आधी पास मागितला."
हसले. तसे कमी हसतात.

१९ जून, गुरु.
आज काय झालं ते नीट लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.
सेल्वम सरांनी ऑफिसात बोलावलं. चेहरा पडलेला. पाणी दिलं. मग हळूच म्हणाले, अक्का, तुमच्या गावाहून रिपोर्ट आला. लिहिलंय की सुमन विठ्ठल जाधव नावाची बाई या गावात नाही, कधी नव्हती, कुणाला ठाऊक नाही.
सुमन म्हणजे मीच की.
"कुणी लिहिलं असं?"
त्यांनी कागद चष्म्याजवळ नेला. "पोलीस पाटलाचं लेखी आहे. बाळासाहेब बापू शिंदे."
मी खुर्चीतच हसत सुटले. से. सरांना वाटलं रडतेय, पंखा मोठा केला. त्यांना कसं सांगू, ज्यानं लिहून दिलं की ही बाई नाही, त्याला मी कडेवर घेऊन वाढवला!

२० जून, शुक्र.
सकाळी सहालाच बाळूला फोन.
"बाळ्या, मी कोण?"
"आक्का. का गं?"
"नाव काय माझं?"
"हौसा."
"आणि सुमन कोण?"
मग म्हणतो, "आयला."
त्याचंही ऐकून घेतलं. तो बागेत औषध मारत होता, ठाण्यातून फोन आला, तुमच्या गावची कुणी सुमन जाधव चेन्नईला आहे का, चौकशी आहे. "जाधव काय, तिकडं ढीगभर. पोलीस कुणा बाईचं नाव घेतुया म्हणल्यावर मला वाटलं कायतरी लफडं. म्हणलं गावावर बालंट नको. न्हाई म्हणून दिलं लिवून."
"अरे पण माझं सासरचं नाव ठाऊक नाही तुला?"
"आक्का, ताटात तांदळावर नाव लिवलं तवा मी जेवाय बसलो हुतो. फुडं तुला सुमन म्हणून हाक मारली का कुणी हितं?"
ते खरं. माहेरी मला सुमन कुणीच म्हणत नाही. आणि सासरी हौसा म्हणता आलं नाही, कारण घरात थोरली जाऊ हौसाच होती. दोन हौसा एका चुलीवर कशा? सासूबाईंनी बदललं. सगळ्यांचंच बदलायचं तेव्हा, कुणाला विचारायची पद्धत नव्हती.
बाळू म्हणाला, आत्ताच्या आत्ता नवीन लिवून देतो, हीच माझी बहीण म्हणून.
मिटलं.

२३ जून, सोम.
मिटलं कसलं! बाळूचं दुसरं पत्र ठाण्यानं घेतलंच नाही. सख्ख्या नातेवाइकाची साक्ष चालत नाही म्हणे. म्हणजे तो मला ओळखत नव्हता ते चाललं, आता ओळखतो ते चालत नाही!
आणि इथं मला करायला सांगितलं ते वेगळंच: दोन्ही नावांची बाई एकच, असं नोटरीकडे लिहून द्यायचं. मालकांना दुकान सोडून यायला लावलं. नोटरीनं त्यांना विचारलं, बायकोचं नाव का बदललंत? इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. मालक म्हणाले, "अम्मा सोन्नांग." आई म्हणाली.
नोटरीनं मान डोलावली, जसं काही कायद्यातच लिहिलंय.
छापून आलं तर दोन नावांच्या मधे ते ईमेलमधलं गोल शेपटीचं चिन्ह. दीपा म्हणाली, आई, पोलिसांच्या कागदात गुन्हेगारांची टोपणनावं अशीच लिहितात. मी मालकांना म्हटलं, बघा, तुमच्या आईनं मला दरोडेखोर केली.
घरी येताना मालक म्हणाले, "हौसा चांगलं होतं."
आता सांगतायत.

२७ जून, शुक्र.
गावच्या ठाण्याला पाहिजेत दोन माणसं. गावातली, नात्यातली नकोत, लग्नाआधीपासून ओळखणारी, आणि जिवंत. बोरजाईवाडीत नात्यातलं नाही असं कोण? सगळी शिंद्यांची भावकी. जो शिंदे नाही तो शिंद्यांचा जावई. बाळू म्हणाला, "आक्का, गावातली म्हसरं सोडली तर सगळी आपलीच."
मालक म्हणाले, सोड आता. घरी काय कमी आहे?
असं बोलले की माझं डोकं फिरतं. कमी नाही म्हणूनच तर! भीक मागायला नाही चालले. गळ्यात दोरीचं कार्ड पाहिजे मला, त्यावर माझा फोटो, खाली काम काय करते ते. कानासकट.
रात्रीची भांडी ह्यांनी घासली.

१ जुलै, मंगळ.
मिळाले! दोन्ही!
एक, शाळेतले कुलकर्णी गुरुजी. निवृत्त होऊन गावातच राहिलेत. बाळूनं फोन दिला.
"हौसा ना? भांडण लावायला पहिली, निस्तरायला कधी नाही."
"गुरुजी, हेच लिहून द्या."
"चारित्र्य चांगलं एवढंच लिहितो. बाकी तुझ्या साहेबाला अनुभवानं कळेल."
दुसरे इसाकचाचा, बांगड्यांवाले. ते आमच्या घराच्या ओट्यावर बसून गावभरच्या पोरींना बांगड्या भरायचे. आता डोळ्यांना कमी दिसतं. बाळूनं व्हिडिओ लावला तर तोंड बघेनात, म्हणाले, "हात दाव." मी हात धरला फोनसमोर. मूठ केली, सोडली.
"सव्वादोनच्या मापाची हौसा. लगीन झाल्यावर म्होरं मद्रासला दिली. रडत हुती, बांगड्या भरताना."
"मी रडत नव्हते, चाचा! तुम्ही दाबून भरल्या!"
"तीच ही," म्हणाले. "बोलनं बी तेच. कुठं सही करू?"
ठाण्यातला हवालदार पण हसत होता म्हणे. रिपोर्ट त्याच दिवशी पुढं गेला. दीपानं शिरा केला, गुठळ्या झाल्या, तरी खाल्ला.

४ जुलै, शुक्र.
कॉम्प्युटरवर अजून "प्रोसेस चालू आहे". दीपाला दुपारी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा म्हणाली, "अय्यो आई, मी कॅशवर बसलेय!"

८ जुलै, मंगळ.
से. सरांच्या मागं लागून त्यांच्याबरोबर गेटापर्यंत गेले. मोठा रस्ता, झाडं, समुद्राचा वारा, बंदुकवाले शिपाई. आत काहीच दिसत नाही. बाहेर पास ऑफिस, त्याला खिडकी. खिडकीत तरुण साहेब, हिंदी बोलणारा, नम्र. नम्र माणसाशी भांडायला फार त्रास होतो.
तो म्हणाला, "मौसी, तुमचे दोन रिपोर्ट आलेत. एक म्हणतो ही बाई नाही. दुसरा म्हणतो आहे. दोन्ही सरकारी. मी कुठला खरा मानू?"
"साहेब, मी समोर उभी आहे."
"ते फाइलमध्ये जात नाही."
"मग काय करायचं?"
"वर पाठवलंय. वरून ठरेल."
"वर म्हणजे कोण?"
"विभाग."
"कधी?"
"ते सांगता येणार नाही."
से. सर माझा पदर ओढल्यासारखं करत होते, म्हणजे चला.
परत येताना गाडीत विचार केला. त्या पोराचंही खोटं नाही. असल्या जागी वाटेल त्याला आत सोडून चालेल का? उद्या खरंच कुणी दोन नावांची भामटी यायची. त्याच्या जागी मी असते तर मीही नीट तपासून घेतलं असतं. चार ठिकाणी विचारलं असतं. पण मी दिवस सांगितला असता! पाहुण्याला भाकरी नसली तर नाही म्हणावं. चूल पेटतेय, पेटतेय म्हणत उंबऱ्यावर बसवून ठेवू नये.
से. सर म्हणाले, अक्का, गुरुवारी सतराला आडी लागते. आदल्या दिवशी, बुधवारी, मला त्या दुसऱ्या बाईला सांगावं लागेल. मी काय करू? मलाही कॅन्टीन चालवायचंय.
म्हटलं, बरोबर आहे तुमचं. तुम्हाला शब्दात अडकवणार नाही.
वाटेत त्यांनी नारळपाणी पाजलं. माणूस चांगला आहे.

१० जुलै, गुरु.
दीपा म्हणाली, आई, असल्या ऑफिसांना पत्र कुणी लिहितं का. मी म्हटलं मी लिहिते. मी बोलले, तिनं इंग्रजी केलं. मधेमधे "हे असं नाही लिहीत आई" म्हणाली, मी म्हटलं असंच लिही. "विनंती" शब्द तिनं चार वेळा घातला, मी तीन काढायला लावले. मालकांनी वाचून घेतलं, म्हणाले कडक आहे. म्हटलं, मग? हे दुकानात जायला निघाले तर स्वतःच पाकीट घेतलं, वाटेवरच्या पोस्टात रजिस्टर करतो म्हणाले. पोचेल ना वेळेत, विचारलं, तर म्हणाले स्पीडनं टाकतो. दीपानं ईमेलवर पण टाकलं.
मराठीत काय होतं ते इथं उतरवून ठेवते:

साहेब, नमस्कार. मी सुमन, माहेरची हौसा. मी आहे. माझ्या भावानं मी नाही असं लिहिलं ते माझं सासरचं नाव त्याला ठाऊक नव्हतं म्हणून, आणि ते त्यानं पोलिसांसमोर कबूल केलंय. गुरुजींनी नि बांगडीवाल्यांनी सह्या दिल्यात. नोटरीचा कागद दिलाय. अजून काय पाहिजे ते एकदाच सगळं सांगा, एकेक करून नको. तुम्ही नीट तपासता याचा मला राग नाही, आत माझीच माणसं जेवणार आहेत. पण तुमच्या विभागात माझ्या फाइलवर कुणीतरी एक माणूस बसलेला असेल. त्याला नाव असेल, बहुतेक एकच. त्यानं येत्या मंगळवारी, १५ जुलैला, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मला हो किंवा नाही सांगावं. नाही असेल तर का नाही तेही सांगावं. "प्रोसेस चालू आहे" हे उत्तर मी उत्तर धरणार नाही. फोन माझ्याजवळच आहे. मीच उचलेन.