चिलटांना चारलेली पावडर

३ फेब्रु., मंगळ
मनाली पोलीस भरतीसाठी जिममधून पावडर आणते. डब्यावर वाघ, आत काय ते कुठेच लिहिलेलं नाही. काल पोरीचा हात हातात घेतला तर नाडी नुसती पळतेय. म्हणते, सगळ्याच घेतात. आज दोन चमचे कागदात बांधून कॉलेजात नेली. वीस वर्षं प्रयोगशाळेत नळ्या धुतोय, एवढं जमेल. केळ्यावरची चिलटं, दोन नळ्यांत वीस-वीस. एकीच्या खाण्यात पावडर, दुसरीच्या नाही. नळी आपटायची, दहा सेकंदांत किती वर चढतात ते मोजायचं.

६ फेब्रु., शुक्र
पावडरवाली सतरा चढली. साधी अकरा. पुन्हा केलं, तेच. उगाच घाबरलो होतो. जेवताना मनालीला सांगून टाकलं. तिची आई म्हणाली, कॉलेज पगार देतं तो चिलटांच्या शर्यती लावायला काय. पोर हसली.

९ फेब्रु., सोम
पावडरच्या नळीत चौदा मेली. उरलेली तळाला, आपटलं तरी हलत नाहीत. साधी नळी मजेत. जीवशास्त्राच्या मॅडमना दाखवलं. खाणं ओलं झालं असेल, पाय चिकटून मरतात, म्हणाल्या. एका नळीवरून काही ठरत नाही, पुन्हा लावा. पुन्हा म्हणजे आठवडा. मनालीची मैदानी चाचणी गुरुवारी.

संध्या. – मनालीला म्हटलं, नको घेऊ ती. शांतपणे म्हणाली, "शुक्रवारपासून दुप्पट घेतेय. तुमीच बोललात ना बाबा, चढतात म्हणून."
जेवलो नाही.

१० फेब्रु., मंगळ
राहिलेली सहा चिलटंही गेली.
डॉक्टरकडे चल म्हटलं. चाचणी झाल्यावर, म्हणाली. मागच्या भरतीत दोन गुणांनी राहिली होती. "सोड बोलता तर आत्ता सोडते. पण धावायला नाय जमलं तर मला बोलायचं नाय."
सोड म्हणायचं होतं. पण चिलटं ओलीनेच मेली असतील तर? तिचं हे वर्ष माझ्यामुळे…
म्हटलं, बघू. बघू कसलं. भित्रा मी.

१२ फेब्रु., गुरु
सकाळी ग्लासात ढवळत होती. ढवळता ढवळता माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ. मी तिची पाण्याची बाटली भरत राहिलो. भरून वाहिली तरी. मग तिने ग्लासातली पावडर पिऊन टाकली.
आता ग्राउंडच्या गेटबाहेर. आत सोडत नाहीत. भिंतीला वही टेकवून लिहितोय. फार भीती वाटते. तिच्या नंबरची तुकडी पुकारली. आठशे मीटर.
शिट्टी झाली.