अभ्यास चाललाय

सोमवार, ४ ऑगस्ट

पोस्टमन काही सापडेना! गृहपाठ होता — ‘आपले मदतनीस : पाच चित्रे चिकटवा.’ डॉक्टर सापडला, पोलीस सापडला, शिक्षिका क्लासच्या जाहिरातीत मिळाली. शेतकरी तर खताच्या पिशवीवर आयताच हसत उभा होता. पण पोस्टमन? अख्खी रद्दी उपसली, नाही म्हणजे नाही. शेवटी योगूनं स्वतःच काढला. डोक्यावर हेल्मेट, पाठीवर ही मोठी बॅग. म्हटलं, अगं, हा तर कुरिअरवाला. तर म्हणे, आपल्याकडे हाच येतो. बरोबर आहे बाईचं. चिकटवला.

दुसरीतली पोर माझी. शाळेतून येते, काहीतरी खाते, जरा टेकते तोच परत वही पुढ्यात. चित्रं झाली, मग शुद्धलेखन एक पान, मग तीनचा पाढा दोनदा. रोज तास जातो — पूर्ण तास! एक ‘क्ष’ काढते, खोडते, फुंकर मारते, परत काढते. पेन्सिलीला टोक करते. खिडकीबाहेर बघते. बघून मलाच जांभया येतात. मी आपली शेजारी भिंतीला टेकून हे खरडत बसते.

बाहेर ओट्यावर बाकी सगळे कोथिंबिरीच्या जुड्या बांधतायत, सकाळच्या बाजाराची तयारी. सासूबाई, मामंजी, माझा नवरा कुंदन, जाऊबाई मनीषा. घरात पदवीधर मी एकटी, म्हणून योगूचा अभ्यास माझ्या वाट्याला. दार लोटलं की सासूबाई सगळ्यांना दटावतात — “अभ्यास चाललाय.” लगेच टीव्हीचा आवाज कमी. भाकरी करायची वेळ होईपर्यंत मला कुणी हाक मारत नाही. एवढा मान मला लग्नातसुद्धा मिळाला नव्हता.

बुधवार, ६ ऑगस्ट

पेटले आज.

‘टाकाऊपासून टिकाऊ : पवनचक्की तयार करा.’ सात वर्षांच्या मुलीनं! कुणी केली? मी. बोटं कुणाची चिकटली? माझी. बरं, करून ती फिरेना. कुंदननं फुंकर मारून पाहिली, मामंजींनी मारली, मग पंख्याखाली धरली तर पातंच उडून कपाटामागे गेलं. योगू हसून हसून लोळली. मला मात्र हसू येईना.

तिरीमिरीत वर्गाच्या पालक ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. म्हटलं, आमच्या मुलांचं बालपण परत द्या. म्हटलं, मोठ्या माणसांना ऑफिस सुटल्यावर काम दिलं तर ती कुरकुरतात, मग लेकरांनी काय पाप केलंय? वाचताना माझं मलाच वाटलं, शुभांगी, लिहितेस बरं का तू!

अंगठेच अंगठे. मोजायचे सोडून दिले.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

ग्रुपवर नुसता धुरळा. निम्मे माझ्या बाजूनं, निम्मे विरोधात. साईचे पप्पा, महेश, विरोधी पार्टीचे पुढारी. त्यांचं म्हणणं, स्पर्धेचं युग आहे, उलट गृहपाठ वाढवा, नाहीतर पोरं मोबाईल घेऊन बसतील. मी लिहिलं, अहो, गृहपाठ मोबाईलवरच येतो, तो बघायला म्हणून तर पोरं मोबाईल मागतात. त्यावर त्यांनी नुसते हात जोडलेले पाठवले. जिंकले का हरले, कळलं नाही.

सासूबाईंना जुड्या बांधता बांधता सगळं सांगितलं. त्या शाळेत फार गेल्या नाहीत, पण विषय लगेच पकडला. म्हणाल्या, “आपण निम्म्या जुड्या बांधायच्या आन् निम्म्या गिऱ्हाइकाला घरी बांधायला द्यायच्या, असं चालंल का? शाळंचं काम शाळंनं करावं. लय शानी शाळा हाय.”

वाक्य लिहून ठेवलं. कुठेतरी वापरायचंच.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखी. भावाकडे विंचूरला जाऊन आले. तोही म्हणे, तुझा मेसेज आमच्या ग्रुपवर फिरतोय! दिवसभर हवेत.

सोमवार, ११ ऑगस्ट

मुख्याध्यापिकांचा फोन. बुधवारी सभा, पहिली-दुसरीच्या पालकांची. ‘तुम्ही पालकांच्या वतीनं मुद्दे मांडा.’ मी! कुंदन सकाळपासून मला ताई म्हणतोय. ताई, चहा मिळेल का. ताई, माझा शर्ट कुठंय. दुर्लक्ष केलं.

तिसरा श्रावणी सोमवार, झेंडूला मागणी, अंगणात पाय ठेवायला जागा नाही. पण संध्याकाळी योगूच्या अभ्यासाला बसलेच. आज तिनं ‘माझी शाळा’ वर पाच वाक्यं लिहिली. तासात पाच! मी तेवढ्यात भाषणाचे मुद्देही काढले आणि हेही लिहिलं. मध्येच मान वर करून विचारते, मम्मी, तुझं झालं? म्हटलं, माझं राहू दे, तू तुझं कर.

बुधवार, १३ ऑगस्ट

काय सभा झाली!

बसायला दुसरीच्या मुलांचे बाक. सगळ्यांचे गुडघे हनुवटीला. महेशराव बाकात असे अडकले की बोलायला उभे राहताना बाकही थोडा उठला. मी ओठ चावून बसले होते.

वर्गशिक्षिका उज्वला मॅडम आधी बोलल्या. शांत बाई, आवाज चढत नाही. म्हणाल्या, मी देते तो अभ्यास पंधरा-वीस मिनिटांचा आहे. पवनचक्की वगैरे वरून येतं, ते मलाही आवडत नाही. पण रोज एक पान लिहिलं तर हात वळतो, आणि काही घरांत मुलाशेजारी कुणी बसतं ते केवळ गृहपाठामुळे. हे जरा पटलं. पण पटलंय असं दाखवायची ती वेळ नव्हती.

मग मी उठले. सासूबाईंचं जुड्यांचं वाक्य पहिल्यांदाच टाकलं — हशा! टाळ्या! मग म्हटलं, मॅडम, पंधरा-वीस मिनिटं कुठली? आमच्या योगिनीला रोज तास लागतो, एकदा घरी येऊन बघा. परत टाळ्या. “योगिनीला?” उज्वला मॅडम एवढंच म्हणाल्या.

महेशरावसुद्धा जाताना म्हणाले, छान बोललात. उगाच माणसाला नावं ठेवली.

शनिवार, १६ ऑगस्ट

जिंकलो! शाळेची सूचना आली — पहिली-दुसरीला सोमवारपासून दिवाळीपर्यंत गृहपाठ बंद. प्रयोग म्हणून. कुंदननं ताईंसाठी जिलबी आणली. योगूला उचलून गोल फिरवलं. म्हटलं, आता खेळ गं बाई मनसोक्त. ती हसली आणि म्हणाली, मग संध्याकाळी आपण काय करायचं? म्हटलं, काहीच नाही! तीच तर मजा आहे.

सोमवार, १८ ऑगस्ट

उभ्यानं लिहितेय, गॅसजवळ. डाळ शिजेपर्यंत.

संध्याकाळी सवयीनं खोलीत गेले. दार लोटणार, तेवढ्यात सासूबाईंची हाक, “सुभांगी, अभ्यास नाय ना आता? ये मग इकडं, मेथी लय पडलीय.” रागानं नाही, साधंच. खरंच होतं त्यांचं. गेले. मेथी संपली, कोथिंबीर आली, कोथिंबीर संपली, भाकरीची वेळ झाली.

योगू शेजारच्या पोरांबरोबर लंगडी खेळत होती. तिला इतकं मोठ्यानं हसताना बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

मंगळवार, १९ ऑगस्ट

वेळ नाही.

गुरुवार, २१ ऑगस्ट

शाळेच्या गेटसमोर, स्कूटीवर बसून. शाळा सुटायची आहे. मुद्दाम लवकर निघाले. घरी सांगितलं, पेट्रोल भरायचंय.

आता कागदाशी काय लपवायचं. तो तास योगूचा नव्हताच, माझा होता. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत मी कुणाची ना कुणाची कोणीतरी असते आणि हातात काहीतरी असतं. त्या एका तासात हातात फक्त पेन असायचं. आणि तो तास मी स्वतः भाषण करून, टाळ्या घेऊन बंद केला! असा मूर्खपणा करायलाही अक्कल लागते.

बसते म्हटलं तर कुणी मारणार नाही. सासूबाई तशा नाहीत. पण सगळे राबताना मी एकटी दार लोटून कशी बसू? काय सांगू — लिहितेय? काय लिहितेस म्हणतील. हिशेब नाही, पत्र नाही, मग काय? ‘अभ्यास’ हा शब्द कसा पुरून उरायचा.

काल मनात आलं, उज्वला मॅडमना गाठावं आणि म्हणावं, माझ्या एकटीच्या मुलीला थोडा द्या ना. ग्रुपवर माझा फोटो लावून हसतील लोक. शिवाय पोरगी खेळतेय. गुडघा फोडून येते, खूश असते. तिचा खेळ काढून घेऊन माझा तास मागायचा? नाही. ते मला जमायचं नाही. मग आता वाईट वाटून घेणं बंद.

वाटतंय मात्र. फार वाटतंय. घंटा झाली.

शनिवार, २३ ऑगस्ट

भाकरीला बसायच्या आधी दोन ओळी. उज्वला मॅडम गेटवर भेटल्या. मी जरा अंग चोरूनच उभी होते, त्याच जवळ आल्या. म्हणाल्या, सभेत सगळ्यांसमोर विचारलं नाही, पण तुमचं ते एक तासाचं मला कळलंच नाही. “वर्गात योगिनी सगळ्यांच्या आधी लिहून मोकळी होते. अक्षर बघा, एकदा खोडत नाही. घरी असं काय होतं हो तिला?”

मी म्हटलं, दमत असेल. दुसरं काय सांगणार?

सोमवार, २५ ऑगस्ट

जुड्या बांधत होते. योगू खेळ अर्धा टाकून आली, पाय चिखलानं भरलेले. आजीला म्हणाली, मम्मीला सोड, मला अभ्यास आहे. सासूबाई म्हणाल्या, आता कुठला? बंद केला ना तुझ्या आईनं? “आहे,” म्हणाली आणि मला हाताला धरून आत घेऊन आली. दार लोटलं. बाहेर टीव्हीचा आवाज कमी झाला.

विचारलं, मॅडमनी काय दिलंय? तिनं गादीखालून माझी ही वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. स्वतःची समोर उघडली.

“काहीच नाही दिलं. तू लिही. मी हळूहळू करते, पहिल्यासारखं.”