चौथा रकाना

१२ जानेवारी, सोमवार. डार्मश्टाट, जर्मनी
मैत्रीच्या मेडिकलच्या अर्जाची मुदत गुरुवारी. तिसरं वर्ष. सरकारी विद्यापीठांनी दोनदा नकार दिला, शाळेचे गुण कमी पडले. आता हे एकच खासगी विद्यापीठ. इथेही नाही म्हणाले तर पुढे काय, हे दोघीही बोलत नाही.
पोरगी वीस वर्षांची. दीड वर्ष हॉस्पिटलात मदतनीस आहे. म्हाताऱ्यांना भरवते, बेडपॅन धुते. तक्रार नाही.
अर्जात पाच रकाने. चौथा तीन दिवस कोरा: स्वतःत कुठे सुधारणा हवी असं वाटतं? उदाहरण द्या.
म्हटलं, "लिही, फार काटेकोर आहे. सगळे तेच लिहितात."
"गेनाऊ, अगदी बरोबर, आई. सगळे तेच लिहितात."
टोमणे मारायची तऱ्हा थेट बापाची. मिलिंदला जाऊन चार वर्षं झाली, तऱ्हा घरात राहिली.

१३ जानेवारी
कंपनीत आज तीन चुकांचे अहवाल. बावीस वर्षं हेच. औषधाच्या नोंदींत काय चुकलं, का चुकलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय. नव्या मुलीनं नोंदवहीत पांढरा रंग लावून आकडा बदलला. तिला सुनावलं. चुकलेलं झाकायचं नाही. एक आडवी रेघ, बाजूला सही, तारीख, कारण. खालचं वाचता आलं पाहिजे. रडली. मी तिच्यापुढे कोरा फॉर्म ठेवला.
मै.चा रकाना अजून कोरा. तिला माझ्या बाबांचं सांगितलं. नागपुरात शाळेत शिपाई होते. म्हणायचे, आपल्या पेपरात चूक शोधायला माणसं टपून बसलेली असतात, आपण होऊन हातात द्यायची नाही. त्या एका वाक्यावर मी एम.एस्सी. झाले.
मै. म्हणाली, "पण आजोबांना कोणी नीट विचारलं तरी होतं का?"
भांडी घासली.

१५ जानेवारी, गुरुवार
मै.ची दुपारची पाळी. मी घरून काम करत होते. चारला फोन. "आई, लिहिलंय. लॅपटॉपवर आहे. मला ब्रेक मिळेलसं वाटत नाही, तू अपलोड कर. फक्त अपलोड. वाचू नकोस."
वाचलं.
मराठीत उतरवून ठेवते, कारण आता ते दुसरीकडे कुठे उरणार नाही:
'नोव्हेंबरात एका म्हाताऱ्या पेशंटनं माझा हात धरला. तो जाणार, हे मला कळलं. पाणी आणते म्हणाले आणि चादरींच्या खोलीत जाऊन उभी राहिले. परत गेले नाही. माझे वडील हॉस्पिटलात होते तेव्हा आई कायम बाहेर, विमा कंपनीच्या फोनवर. काम असलं की खोलीत थांबावं लागत नाही, हे मी तिच्याकडून शिकले. मला थांबायला शिकायचं आहे.'
पहिला विचार: हे वाचून हिला डॉक्टर कोण करेल? दुसरा विचार लिहीत नाही.
सगळं पुसलं. काटेकोरपणावर सहा ओळी लिहिल्या. ऑफिसचं जर्मन, पण बिनचूक. पाठवलं. तिला मेसेज: झालं.
तिचा: वाचलंस?
नाही.

३ फेब्रुवारी
मुलाखतीला बोलावलं! मै. दारातूनच ओरडली, गळ्यात पडली. असं शेवटचं कधी झालं होतं? कोटाचा वास औषधी साबणाचा.
मग तिनं पत्र पुढे वाचलं. अर्जाची प्रत आणा. बोलणं तुम्ही लिहिलेल्यावर, विशेषतः चौथ्या रकान्यावर.
"बरं झालं, तोच खरा आहे," म्हणाली.
आत्ताच सांगायला हवं होतं. पोहे करायला उठले.

४ फेब्रुवारी
आज प्रत काढली तिनं. स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचली.
"डास बिन इश निश्ट." ही मी नाहीच. मग नुसतं जर्मन, भराभर. निम्मं कळलं. जे कळलं ते पुरे होतं.
मी म्हटलं, "बोलावलं की नाही? तुझं पाठवलं असतं तर बोलावलं असतं?"
मराठीत म्हणाली, "ते आता मला कधीच कळणार नाही."

८ फेब्रुवारी, रविवार
चार दिवस 'या' आणि 'नाइन', हो आणि नाही, एवढंच.
सगळ्या बाजूंनी पाहिलं. खरं सांगितलं तर अर्ज बाद. खाली 'मजकूर माझाच आहे' यावर तिची सही आहे. खोटं रेटायचं तर तिला जमत नाही, लहानपणापासून कान लाल होतात. तिसरा रस्ता नाही. इतरांच्या चुकांवर मी रोज उपाय लिहून देते. इथे 'उपाय'पाशी हात थांबतो.
तिसरं वर्ष गेलं. मी घालवलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार
मुलाखत दोनला. सकाळी स्टेशनवर सोडायला गेले. येऊ नकोस म्हणाली नाही, ये असंही नाही.
बाकावर बसल्यावर तिनं पिशवीतून दोन कागद काढले. एक तिनं आधी लिहिलेला, तिच्याकडे होताच. दुसरा अर्जाची प्रत. माझ्या सहा ओळींवर पट्टीनं मारलेली एकेक आडवी रेघ. खालचं स्वच्छ वाचता येत होतं.
"तुमच्या कंपनीत असंच करतात ना?" पेन पुढे केलं. "सही तू कर."
"हे त्यांना दाखवणार आहेस?"
"माहीत नाही. आल्झो... म्हणजे, खरंच माहीत नाही."
गाडीला चार मिनिटं होती. सही केली. तारीख घातली.
"आणि कारण?" ती म्हणाली.
पेन हातात धरून बसले. गाडी आली. तिनं कागद काढून घेतला. दारातून म्हणाली, "बाबा विचारायचे, आई कुठेय. मी सांगायचे, फोनवर."
ऑफिसला गेले नाही. पाच वाजले. फोन नाही.
वेळ नव्हता असं नाही. चार मिनिटं होती. इथे लिहून बघते.
कारण: मिलिंद दोनदा म्हणाला होता, जरा बस गं. एकदा नाही, दोनदा. मी दोन्ही वेळा फॉर्म घेऊन बाहेर गेले, आणि फोन बंद होता तरी कानाला लावून बाहेरच उभी राहिले.