बुधवारी फक्त बायकांसाठी

३ मार्च, सोमवार

चौथी फुकट! माझीच अक्कल.

'तीन वेळा या, चौथी कटिंग फुकट' — फळ्यावर मीच लिहिलं होतं, सुबक अक्षरात, खाली कात्रीचं चित्र काढून. आज नीट आठवून बघितलं, या ऑफरने कोण कोण आलं. नवं म्हणावं असं एकही डोकं नाही! जे एरवीही येणारच होते तेच आले, आणि त्यांनाच आम्ही फुकट वाटलं. भाऊजी पलीकडच्या खुर्चीवरून म्हणतात, "वहिनी, हे म्हणजे घरच्याच माणसांचा पाहुणचार झाला की!" दिरांचं काय जातंय हसायला. मागच्या गल्लीत ते काचेचं, थंडगार हवेचं सलून उघडल्यापासून ह्यांची खुर्ची रिकामी आणि भाऊजींची त्याहून रिकामी.

हे पेपरात तोंड खुपसून बसले. बोलले असते तर बरं वाटलं असतं. इतकी वर्षं बाकावर बसून मी फळे लिहिते, गिऱ्हाइकांना फोनवर निरोप पाठवते, कोण बरेच दिवसांत फिरकलं नाही ते ध्यानात ठेवते. आणि गिऱ्हाईक जाताना म्हणतं काय? "वा! काय हात आहे तुमचा!" हात! अरे, त्या हाताखाली तुझं डोकं आणलं कुणी?

फळा पुसून टाकला.

५ मार्च, बुधवार

बुधवारी दुकानात माशीसुद्धा वाट चुकून येते. हे पेपर वाचत होते — तोच, दुसऱ्यांदा. भाऊजी खुर्चीतच कापड पांघरून झोपलेले. आणि एकदम सुचलं! बुधवार बायकांना द्यायचा. दुपारपर्यंत. दाराच्या काचेला पडदा, आत फक्त बायका, आखूड केस अर्ध्या दरात. मागच्या गल्लीत बायकांना पार सोलून काढतात, असं वन्संच सांगत होत्या.

हे पेपराआडून — "बायकांचे केस? मी? अगं, हात थरथरेल माझा."

म्हटलं, थरथरू दे. रिकामा बसण्यापेक्षा बरा.

७ मार्च, शुक्रवार

सराव हवा म्हणाले. "तुझ्यावर करून बघू?" मी वेणी दोन्ही हातांनी धरूनच ठेवली. माझं डोकं काय प्रयोगाला आहे? शेवटी वन्संना बसवलं. सख्खी बहीण, बिघडलं तरी घरातच राहील.

बिघडलं नाही. वन्सं उठल्या त्या दहा वर्षांनी लहान होऊन. त्यांची मान इतकी डौलदार आहे हे मला आज कळलं. हे दोन पावलं मागे जाऊन, डोकं तिरकं करून बघत होते. इतकं निरखून माझ्याकडे कधी बघितल्याचं मला तरी आठवत नाही.

बहिणीचा काय मत्सर करायचा! जाऊ दे.

१२ मार्च, बुधवार

दोघीच आल्या. वन्संच्या ओळखीच्या. दोघी आरशात बघून लाजल्या. ठीक आहे, सुरुवात आहे.

१९ मार्च, बुधवार

बाक भरला! भाऊजींना स्टूल काढून द्यावं लागलं. दोघींनी तोंडातोंडी सांगितलं आणि झालं. मी खूश व्हायला हवं होतं. होतेही, पहिला तासभर.

मग दिसलं. बायकांची मान खाली घ्यायची असली की हे हनुवटीला दोन बोटं लावतात आणि म्हणतात, "जरा खाली… हां, अश्शी." अश्शी! पुरुषांना म्हणतात, "खाली कर रे." ही 'अश्शी' आजवर कुठे ठेवली होती? घरात तर कधी ऐकली नाही.

एक नवीनच आली होती. घारे डोळे, गळ्याला निळा स्कार्फ. सगळ्या गप्पा मारत होत्या, ही गप्प. आरशातून मात्र सारखी बघत होती. कुणाकडे ते सांगायला नको.

२६ मार्च, बुधवार

घारी परत आली!

आता मी न्हाव्याची बायको. केस महिन्याला किती वाढतात ते मला कुणी शिकवायला नको. मागच्या बुधवारी कापलेले केस या बुधवारी कापायला आहेच काय? म्हणाली, "मागून जरा सारखे करून हवेत." हे लगेच, "या, बसा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण हसून टॉवेल दिला — धंदा आहे.

जाताना बाहेर थांबून फळा वाचत उभी राहिली. कितीतरी वेळ. पाय निघत नव्हता बाईचा.

२८ मार्च, शुक्रवार

हे रोज दाढी करायला लागले आहेत. स्वतःची! तीन-तीन दिवस खुंट वाढवून दुसऱ्याचे गाल गुळगुळीत करणारा हा माणूस. विचारलं तर म्हणाले, "बायकामाणसं येतात, बरं दिसत नाही." मी कोण मग? बाकडं?

१ एप्रिल, मंगळवार

ठरवलं. ऑफर माझी, मीच बुडवणार. उघड बंद करता येत नाही — भाऊजी म्हणतात, वहिनी, या एका दिवसावर महिना उभा आहे. तर हळूच. अर्धा दर पुसला, जवळजवळ पूर्ण दर लिहिला. येतील कशाला आता?

२ एप्रिल, बुधवार

आल्या! जास्तच आल्या! एक ठसकेबाज बाई म्हणते, "आधी फारच स्वस्त होतं हो, मला वाटलं काहीतरी गडबड असेल. आता विश्वास बसला."

कपाळावर हात मारावा तर तेही आरशात दिसतं. दुकानच असं.

घारी होतीच. 'सेटिंग' हवं होतं.

८ एप्रिल, मंगळवार

नवा फळा — 'फक्त पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी.' घारी जेमतेम चाळिशीची असेल. बघू आता काय करते.

९ एप्रिल, बुधवार

जन्मात पहिल्यांदा बायकांना वय वाढवून सांगताना पाहिलं! तिशीतली पोरगी डोळ्याला डोळा भिडवून म्हणते, "मी पंचेचाळीस, फक्त दिसत नाही." तिला पुरावा मागायचा कसा? वर सगळ्याजणी पोट धरून हसल्या, आणि लेकी आपापल्या आयांना हाताला धरून घेऊन आल्या ते वेगळंच.

घारीने दारातच सांगितलं, "सेहेचाळीस." आणि माझ्याकडे बघून हसली. नाकावर टिच्चून!

हे तिच्या कानामागे कात्री चालवत होते तेव्हा मला राहवलं नाही. स्टूल उचललं आणि खुर्चीला खेटून बसले. तिचं तोंड माझ्याकडे वळवायचं — एवढाच बेत. बोलता बोलता ह्यांच्याशी बोलायला तिला फट म्हणून ठेवायची नाही. विचारत होती — बुधवारच का निवडलात? मी सांगितलं. आधीची चौथी फुकट का फसली? तेही सांगितलं. मला मस्का लावते आहे, कळतं मला. आधी बायकोला खिशात घालायचं, मग नवऱ्याला.

हे मध्येच म्हणाले, "मान हलवू नका हो, किती बोलता." माझ्यावरच डोळे वटारले!

१६ एप्रिल, बुधवार

शेवटचा बाण. 'सोबत नवऱ्याला आणा — दोघांना सवलत.' नवरा शेजारी बसला की बघू कुणाची मान कशी 'अश्शी' होते.

नवरे आले. बाकावर बसून कंटाळले. कंटाळून भाऊजींच्या खुर्चीवर गेले, दाढ्या केल्या, केस कापून घेतले. भाऊजींना जेवायला उसंत नाही! मागच्या गल्लीतली गिऱ्हाइकंही त्यात होती, मी दोघांना ओळखलं. दुकान उघडल्यापासून असा दिवस झाला नव्हता.

करायला गेले एक आणि झालं भलतंच.

दुकान झाडता झाडता हे खुशीत म्हणाले, "माझ्या हाताला यश आहे बघ." भाऊजी म्हणाले, "आहेच, दादा." मी सूप धरून उभी. त्यात सगळ्या गावाचे केस. कुणीतरी एकाने म्हणावं ना — हिच्या डोक्याला! चूल पेटवणारी राहिली बाजूला आणि दुसरेच हात शेकताहेत.

घारी एकटीच आली होती. नवरा नाही म्हणाली. "सवलत नको, पूर्ण घ्या." नवरा नाही! आता झोप लागेल मला?

२०  एप्रिल, रविवार

आरशासमोर वेणी सोडून बसले होते. हे मागून आले, बघितलं, म्हणाले, "टोकं फाटलीत गं." आणि गेले. बस. एवढंच.

कापून द्या म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण आता मी रांगेत उभी राहू? त्या सगळ्यांच्या मागे?

२३ एप्रिल, बुधवार

घारी. आता तिला स्टूल दाखवावंही लागत नाही, मान माझ्याकडेच करून बसते. आज विचारत होती — एकदा येऊन परत न येणाऱ्या बाईला कसं बोलावता? म्हटलं, तिला 'या' म्हणायचं नाही. तिच्या मैत्रिणीला विचारायचं, त्या बऱ्या आहेत ना? दुसऱ्या दिवशी दारात हजर. घारी इतकी हसली की ह्यांची कात्री थांबली. आणि बघितलं कसं तिच्याकडे!

जळते मी. लिहायला काय लाजायचं? जळते.

३० एप्रिल, बुधवार

आली ती वेळ.

उठताना खांद्यावरचे केस झटकत हळूच म्हणाली, "उद्या चौकातल्या चहाच्या दुकानात याल? एकट्याच या. ह्यांना सांगू नका."

म्हणजे तोंडावर सांगणार! केवढी छाती! मी 'हो' म्हटलं. काय काय बोलायचं ते भांडी घासता घासता पाठ केलं आहे. रडायचं मात्र नाही. तिच्यासमोर तर नाहीच.

१ मे, गुरुवार

ठेवणीतले कपडे घालून गेले. भांडायला जाताना माणसाने चांगलं दिसावं.

तिने चहा सांगितला आणि म्हणाली, "मी मागच्या गल्लीत काम करत होते. त्या काचेच्या सलूनमध्ये. फेब्रुवारीत सोडलं."

माझं पाठ केलेलं सगळं वाया!

चौकाच्या पलीकडे तिने गाळा घेतला आहे. बायकांचं सलून काढते आहे. म्हणाली, "कापायला मी कुणाला हार जाणार नाही हो. पण गिऱ्हाईक दारापर्यंत येतं कसं, ते मला कधी कळलंच नाही. मालक आणायचा, मी कापायचे. तुमचा फळा वाचला आणि म्हटलं, हे लिहिणारं माणूस बघायला हवं. म्हणून येत होते. दर आठवड्याला नवीन काहीतरी! दर वाढवलात, वयाची अट घातलीत, नवरे बोलावलेत — सुचतं कसं तुम्हाला?"

कसं सुचतं! काय सांगू तिला? चहात डोकं घातलं.

मग धीर करून विचारलंच, "आणि आमच्या ह्यांची कटिंग?"

मानेमागे हात नेऊन म्हणाली, "बरी आहे. मागची बाजू डावीकडे उतरते. घरी जाऊन बहिणीकडून सरळ करून घ्यायचे मी."

यावर मला राग यावा! ह्यांच्या बाजूने! "पहिलेच दिवस आहेत त्यांचे बायकांच्या केसांचे," असं मी चक्क तिला सुनावलं. ती हसली. मग मीही.

अर्धा वाटा, म्हणाली. ती कापेल, मी बायका आणेन. पाटीवर दोघींची नावं.

माझं नाव! इतक्या वर्षांत काय काय लिहिलं मी त्या फळ्यावर. तेवढं एक सोडून. डोळ्यांत पाणी आलं — रडायचं नाही ठरवलं होतं तरी.

२ मे, शुक्रवार

हो कळवलं. तिला म्हटलं, ह्यांचा फळाही मीच लिहीन, पण आता मजुरी घेऊन. घारी म्हणाली, "पहिलं गिऱ्हाईक म्हणून सवलत द्या त्यांना."

घरात अजून बोलले नाही.

३ मे, शनिवार

संध्याकाळी तिचा फोन आला. दुकानाच्या मागच्या दारात उभी राहून बोलले, खूप हसले. आत आले तर हे वस्तरा धरून तसेच उभे. खुर्चीतल्या माणसाच्या गालावर फेस वाळत आलेला.

"कोण होतं?"

म्हटलं, ती घाऱ्या डोळ्यांची.

"माझ्याबद्दल काही म्हणाली?"

म्हटलं, नाही.

"मग तुझ्याशी एवढं काय बोलायचं असतं तिला?"

चेहरा बघितला. पाठ आहे मला तो — आतून, मार्चपासून. सांगणार आहे सगळं. पण उद्या. आज जळू देत जरा.